नवव्या दिवसाची खरी गोष्ट

ही गोष्ट मी चार वर्षं टाळली. टाळण्याच्या माझ्या रीती ठरलेल्या होत्या. कोणी विषय काढला की मला खोकला यायचा, नाहीतर देवळाचं मागचं दार उघडं राहिल्याची आठवण व्हायची. आता टाळून चालणार नाही, कारण ती छापली जाणार आहे.

आमच्या धर्मग्रामाची, म्हणजे या देवळाखालच्या सगळ्या पाड्यांची, छोटी पुस्तिका निघते आहे. नवे फादर तरुण आहेत, उत्साही आहेत. त्यांनी मला बोलावून सांगितलं की मास्तर, ती नवव्या दिवसाची गोष्ट तुम्हीच लिहा, तुम्ही प्रत्यक्ष होतात, एक पान पुरे. गोष्ट त्यांना आधीपासून पाठ होती. एका मुलीने नोकरीसाठी नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवस एकाच मागणीची प्रार्थना, केली. नवव्या दिवशी सकाळी तिच्या निवडीचा मेसेज आला. तोवर मुदत संपून गेली होती आणि नोकरी मिळाली नाही, पण मुलीचा विश्वास ढळला नाही, आणि देऊळ सोडून बसलेला तिचा बाप परत आला. पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे वेदीवरचा पवित्र प्रसाद पहिल्यांदा घेण्याच्या, वर्गात ही गोष्ट मुलांना सांगतात. तिच्यातलं एक वाक्य खोटं आहे आणि ते माझं आहे.

मी फादरांना हो म्हणालो. घरी येऊन वही उघडली आणि पहिल्या ओळीलाच हात थांबला. ते पान मी दिलेलं नाही. त्याऐवजी हे लिहितो आहे.

मी एकतीस वर्षं इथे धर्मशिक्षक होतो. फादर महिन्यातून एकदा पाड्यांवर जायचे; बाकीच्या दिवशी प्रार्थना घेणं, मुलांना तयार करणं, आजाऱ्याजवळ बसणं हे माझं काम. सगळे मला मास्तर म्हणतात, शाळेत मी कधी शिकवलं नसलं तरी. माझं घर देवळाच्या कुंपणाला लागून आहे. विसरवाडीवरून जाणाऱ्या महामार्गावरचे ट्रक अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येतात. पाडे आत, डोंगराच्या घडीत. मी मूळचा तिथलाच, आणि माझा धाकटा भाऊ अजून तिथेच राहतो. पाड्यावर वीज पोहोचली आहे, प्रत्येक घरात मोबाईल आहे, रेंज मात्र नाही. फोन लावायचा तर टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन हात वर धरावा लागतो.

त्यामुळे आमच्याकडे एक रीत पडली आहे. ऑनलाइन फॉर्म भरताना मोबाईल नंबराच्या चौकटीत आपला नंबर घालायचा नाही, रस्त्याला राहणाऱ्या नातेवाइकाचा घालायचा. माझ्या फोनवर अशा अकरा जणांचे मेसेज यायचे. कोणाची शिष्यवृत्ती, कोणाचं घरकुल, कोणाचा भरतीचा निकाल. घाईचं असलं तर मी जाणाऱ्या जीपवाल्याबरोबर निरोप पाठवायचो. बाकीचं वहीत उतरवून रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे देवळातल्या उपासनेनंतर, पायरीवर उभं राहून सांगायचो. पोरं मला टॉवर म्हणायची. ‘टॉवरबाबा, आज किती दांड्या?’ मला ते आवडायचं. काम सुटलेल्या माणसाला आपली वाट कोणी पाहतंय, हे आवडतंच.

त्या अकरा जणांत माझ्या भावाची थोरली मुलगी होती.

ती नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स करून आली होती. तिचा धाकटा भाऊ फार पूर्वी, गुजरातेत ऊसतोडीच्या मुक्कामी, तापाने गेला. तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची असेल. त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवायचं काम तिच्याकडे होतं. नर्स व्हायचं तिने तेव्हाच ठरवलं असावं, पण तसं ती कधी बोलली नाही. कोरोनात तिला तात्पुरती नेमणूक मिळाली. पांढऱ्या पोशाखात ती तासन्‌तास घामाने भिजून उभी असायची आणि तरी त्या दिवसांत ती जितकी खूश होती तितकी मी तिला पुन्हा पाहिली नाही. साथ ओसरली आणि एका सकाळी सगळ्यांना सांगण्यात आलं की उद्यापासून यायची गरज नाही. त्यानंतर फॉर्म सुरू झाले. दोन वर्षं ती फॉर्म भरत होती.

भावाचं आणि भावजयीचं दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊस तोडायला जाणं ठरलेलं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला टोळीत घेत नाहीत. त्या वर्षी भावजयीच्या गुडघ्यांनी साथ सोडली. तिला वाकता येईना. भावाने मुकादमाला शब्द दिला होता आणि सरळ हिशेब होता: दिवाळीपर्यंत पोरीला नोकरी लागली तर ती घर चालवील आणि कोयता बंद, नाही लागली तर आईच्या जागी ती उभी राहील. मुलीने हे मान्य केलं होतं. वाद घातला नाही. फक्त ऑक्टोबरमध्ये, जपमाळेच्या महिन्यात, तिने मला येऊन सांगितलं की मोठे बाबा, मी संत योसेफाची नोव्हेना करणार आहे, नऊ दिवस रोज संध्याकाळी देवळात येणार. संत योसेफ सुतार होता, हाताने काम करणाऱ्यांचा संत. आमच्या देवळात त्याचा पुतळा उजव्या हाताला आहे. पाड्यावरून देऊळ पाच किलोमीटर.

मी दिवस मोजले. नववा दिवस रविवारी येत होता. मला त्याचा आनंद झाला.

माझा भाऊ लेकरू गेल्यापासून देवळात येत नव्हता. भांडला नाही, फक्त यायचा थांबला. मी मास्तर, गावोगाव लोकांना देवाकडे वळवणारा, आणि माझा सख्खा भाऊ रविवारी नदीवर मासे धरत बसायचा. लोक तोंडावर काही बोलत नसत. नोव्हेनाचं कळल्यावर तो मला म्हणाला, “तुझ्या संताला पण फॉर्म भरायला लाव. ओटीपी तुझ्याच फोनवर येईल.” सगळे हसले, मीही हसलो. मग मुलीकडे पाहून तो म्हणाला, “नवव्या दिवशी मी येतो देवळात. तुला रिकाम्या हाताने घरी आणायला कोणीतरी पाहिजे ना.”

टोमणा होता, पण तो येणार होता. बारा वर्षांनी येणार होता. ती रात्र मी नीट झोपलो नाही, आणि मुलीच्या नोकरीपेक्षा मी भावाच्या येण्याचा विचार जास्त केला, हे मला आता कबूल केलं पाहिजे.

ती रोज यायची. येताना पायातल्या चपला हातात घ्यायची, ओढ्याचं पाणी असायचं म्हणून. देवळाबाहेरच्या नळावर पाय धुवायची, माझ्या ओट्याशी थांबून विचारायची, “काही आलं का, मोठे बाबा?” मी म्हणायचो, नाही. ती म्हणायची, बरं. मग आत जाऊन अर्धा तास गुडघ्यावर असायची. तिच्या विचारण्यात चिंता नसायची. दुकानात मीठ आलं का विचारावं तसं ती विचारायची. मीच तिला शिकवलं होतं की मागताना शांत राहावं, देव बहिरा नाही.

मेसेज शुक्रवारी दुपारी आला. सातवा दिवस होता. मी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. फोन वाजला, मी चष्मा लावला. तिचा अर्ज क्रमांक होता. कागदपत्र पडताळणीसाठी आपली निवड झाली आहे, पुढील सूचना संकेतस्थळावर पाहाव्यात, असं होतं. तारीख नव्हती, मुदत नव्हती. मी तो तीनदा वाचला. तिथेच, शेंगांच्या टरफलांत, गुडघे टेकून देवाचे आभार मानले. ते आभार खरे होते.

उठता उठता मनात आलं की आज सातवा.

दोनच दिवस. रविवारी देऊळ भरलेलं असणार. सगळे पाडे येणार. भाऊ बसलेला असणार. मिस्सा संपताना मी उभा राहून सांगितलं की आज, नवव्या दिवशी, उत्तर आलं, तर? जी माणसं म्हणतात की नोव्हेनाने नोकरी लागते का, त्यांना मी आजवर शब्दांनी उत्तरं दिली होती. आता दाखवता येणार होतं. मला वाटलं, सरकारी काम आहे, दोन दिवसांनी काय होतं. सरकारचं कोणतं काम दोन दिवसांत झालंय. देवाने मेसेज माझ्याच हातात दिला तो यासाठीच, असंही मला वाटलं. इतका मी पुढे गेलो होतो.

संध्याकाळी ती आली. पाय धुतले. ओट्याशी थांबली.

“काही आलं का, मोठे बाबा?”

“नाही,” मी म्हणालो.

“बरं,” म्हणाली आणि आत गेली. मी शेंगांचं सूप उचलून घरात गेलो, म्हणजे ती परत निघाली तेव्हा मला तोंड दाखवावं लागलं नाही.

शनिवारी ती लवकर आली, पाचच्या सुमाराला. वाटेत जीप भेटली होती. पुन्हा विचारलं. मी म्हणालो, “नाही पोरी. अजून एक दिवस आहे ना.” माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण ती हसली आणि म्हणाली, “तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त खात्री दिसते.” विसरवाडीतलं फॉर्म भरायचं दुकान देवळापासून मोटरसायकलवर पंधरा मिनिटांवर आहे. त्या वेळी पाच वाजून काही मिनिटं झाली होती. हे मी नंतर कितीदा मोजलं ते सांगत नाही.

रविवारी भाऊ आला. धुतलेला सदरा घालून, दाराजवळच्या भिंतीला टेकून उभा राहिला. बाकावर बसला नाही. कम्युनियननंतर सूचना सांगायची वेळ झाली तेव्हा मी माइकपाशी गेलो. मी म्हणालो की आज सकाळी, मी पहिली घंटा द्यायला निघालो, तेव्हा माझ्या फोनवर मेसेज आला. मग तो वाचून दाखवला. घंटा, सकाळ, सगळं मी तिथे उभ्या उभ्या रचलं. म्हाताऱ्या बायका रडायला लागल्या. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. भाऊ भिंतीपासून सुटून पुढे आला, मधल्या वाटेने चालत संत योसेफाच्या पुतळ्यापर्यंत गेला आणि त्याच्या पायाला हात लावून तिथेच बसला. बारा वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. मला वाटलं, माझं आयुष्य कारणी लागलं. एक तासभर तसंच वाटत होतं.

मिस्सा संपल्यावर आम्ही तिघे एका मोटरसायकलवर विसरवाडीला गेलो. दुकानदार खान्देशी माणूस, शहाद्याकडचा, पोरीला ओळखत होता. तिचे सगळे फॉर्म त्यानेच भरलेले. पेढे आणायला पाठवतो म्हणाला. मग त्याने पान उघडलं. खाली-वर केलं, परत खाली नेलं.

“बाबा, हाई तं काल सांजले सहा वाजताच बंद व्हयनं,” तो म्हणाला.

पडताळणीला येणार की नाही ते कळवून दिवस निवडायचा होता. त्यासाठी शुक्रवार सकाळपासून शनिवार संध्याकाळी सहापर्यंत वेळ दिलेली होती. ज्यांनी कळवलं नाही त्यांची जागा पुढच्या नावाला जाणार होती.

“मेसेज कव्हय उना?” त्याने विचारलं.

“आज सकाळी,” मी म्हणालो.

“मंग हाऊ रेंजनाच वांधा शे.” त्याने हात पुढे केला, फोन पाहू म्हणाला. मी सांगितलं की बॅटरी गेली आहे. फोन माझ्या खिशात चालू होता. त्या क्षणी तो वाजला असता तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं, आणि आज मला वाटतं तो वाजायला हवा होता. पण वाजला नाही.

मुलगी पुढे सरकली. पडद्यावरचं ते पान ती परत परत वाचत होती, जणू वाचता वाचता त्यातला वार बदलेल. भाऊ म्हणाला, “देवानं वेळेवर पाठवला होता. कंपनीनं अडवला.” माझा भाऊ, जो दोन तासांपूर्वीपर्यंत देवाचं नाव घेत नव्हता, तो देवाची बाजू घेऊन बोलत होता.

घरी पोहोचल्यावर मी तो मेसेज पुसून टाकला.

सोमवारी मी आणि ती एसटीने नंदुरबारला गेलो. कार्यालयात खिडकीशी एक मध्यमवयीन बाई होत्या. मी आजवर पाहिलेल्या सरकारी माणसांत इतकं नीट ऐकून घेणारं दुसरं कोणी आठवत नाही. त्यांनी पोरीचा अर्ज पाहिला, गुण पाहिले. म्हणाल्या की यादी अजून वर गेलेली नाही, उद्या जाईल. मेसेज उशिरा पोहोचला असेल तर तसा विनंती अर्ज द्या, सोबत मेसेजचा फोटो लावा, त्यावर तारीख-वेळ दिसली पाहिजे. “खात्री देत नाही,” त्या म्हणाल्या, “पण मागे एकीचं झालं होतं असं.”

मुलगी माझ्याकडे वळली. तिने हात पुढे केला, फोनसाठी. तिचा तो चेहरा मी इथे लिहू शकत नाही.

मी म्हणालो की चुकून पुसला गेला.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मुलगीही. मग मुलीने पुढे केलेला हात माझ्या दंडावर ठेवला आणि म्हणाली, “जाऊ द्या, मोठे बाबा. बटणं बारीक असतात. तुमचं वय झालं.” मग त्या बाईंना म्हणाली, “त्यांना काही बोलू नका, मॅडम. ते आमच्यासाठी खूप करतात.”

परतीच्या गाडीत तिने मला खिडकीची जागा दिली. स्टँडवरून घेतलेलं सीताफळ फोडून अर्धं माझ्या हातात ठेवलं. मी खाल्लं. बिया खिडकीबाहेर टाकत गेलो. त्या दीड तासात मी सांगू शकलो असतो. अजून तो दिवस मावळला नव्हता, यादी गेली नव्हती. खरं सांगितलं असतं तर कदाचित त्या बाईंनी काही केलंही असतं: म्हाताऱ्याने निरोप दाबून ठेवला, मुलीचा दोष नाही, असा अर्जही देता आला असता. मला हे तेव्हाच सुचलं होतं. तरी मी गप्प बसलो.

दिवाळी झाली. टोळीचा ट्रक महामार्गावर येऊन थांबला. माणसं, भांडी, कोंबड्या, प्लास्टिकचे कागद. ती आईच्या जागी चढली. कोयता फडक्यात गुंडाळून कडेला धरला होता. मी निरोप द्यायला गेलो होतो, कारण न जाणं दिसलं असतं. खाली वाकून ती मला म्हणाली, “मोठे बाबा, वाईट वाटून घेऊ नका. मेसेज आला ना. तोही नवव्या दिवशी. म्हणजे मी कुठे आहे ते त्याला माहीत आहे. दार एकदा उघडलं, म्हणजे दार आहे. परत उघडेल.”

ही तिची आशा. मी नवव्या दिवसाची थाप मारली आणि तिने त्या थापेवर घर बांधलं.

त्या घरात ती चार वर्षं राहते आहे. टोळीबरोबर असली की दर रविवारी ती रेंजसाठी माळावर चढून मला फोन करते आणि विचारते, काही मेसेज? मी नाही म्हणतो. आता ते नाही खरं असतं. पुढच्या वर्षी तिने दोन फॉर्म भरले, त्याच्या पुढच्या वर्षी तीन. एकात काही गुणांनी राहिली, बाकीच्यांचं काही कळलं नाही. स्थळं येतात, आधी नोकरी लागू दे म्हणून ती थांबवते. तिचं वय एकतीस आहे. ऊस तोडताना कोणाचा हात कापला तर पट्टी तीच बांधते, तापातल्या लेकरांना पाहते, आणि संध्याकाळी पडावावर, म्हणजे शेताकडेच्या त्या प्लास्टिकच्या झोपड्यांत, जपमाळ घेते. टोळीतल्या दुसऱ्या बाया येऊन बसतात, ज्यांचा आमच्या धर्माशी संबंध नाही त्याही. भाऊ गळ्यात जपमाळ घालून ऊस तोडतो. थकलेल्या माणसांना ती नवव्या दिवसाची गोष्ट सांगते. तिच्याकडून ती गोष्ट पाड्यांवर आली, तिथून वर्गात, आणि आता पुस्तिकेत चालली आहे.

दुसऱ्या वर्षी मी पापकबुली केली. तेव्हाचे फादर म्हातारे होते, माझ्याच वयाचे. मी सगळं सांगितलं, आणि शेवटी असंही म्हणालो की आता खरं सांगितलं तर तिच्याकडे जे उरलंय तेही जाईल, म्हणून मी गप्प आहे. फादरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मास्तर, तुम्ही तिची आशा राखताय की आपलं तोंड?” त्यांनी प्रायश्चित्त दिलं: तिला जाऊन सांगा. बाकी काही प्रार्थना वगैरे दिली नाही. मी हो म्हणालो.

सांगितलं नाही. प्रायश्चित्त पुरं केल्याशिवाय तो प्रसाद घ्यायचा नसतो, म्हणून तेव्हापासून मी कम्युनियन घेत नाही. मी शेवटच्या बाकावर बसतो. ओळ वेदीकडे सरकायला लागली की गुडघा चोळतो. लोक म्हणतात, मास्तरांचे पाय गेले. एकदोघांनी फादरांना सुचवलं की प्रसाद त्यांच्या जागेवर नेऊन द्या. फादर आले, मी नको म्हणून मान हलवली, ते पुढे गेले. किती मुलांना मी पहिल्या कम्युनियनसाठी उभं केलं, हात कसे जोडायचे ते शिकवलं. ती मुलं आता आपली मुलं घेऊन माझ्या बाजूने पुढे जातात. ते म्हातारे फादर गेल्या वर्षी वारले. आता हे माहीत असणारा मी एकटाच उरलो.

गेल्या उपवासकाळात, ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, मी ठरवून निघालो. नवापूरवरून बस, व्याऱ्याच्या पुढे दुसरी बस, मग रिक्षा. वाटेत काय बोलायचं ते घोकत गेलो, लहान मुलाने प्रश्नोत्तरं घोकावी तसं. दुपारचे तीन वाजले असतील. टोळी शेतात होती. बांधावर उभा राहून मी भावाला हाक मारली.

तिने मला आधी पाहिलं.

ती तोडलेल्या उसावरून, पाचटावरून धावत आली. कोयता हातातच होता. डोक्यावरचं फडकं सुटून मागे पडलं. चेहऱ्यावर, हातांवर पाचटाचे ओरखडे. मी इतक्या लांब, न कळवता, या वयात आलो, याचा तिच्या मनात एकच अर्थ झाला होता. माझ्यापासून हातभर अंतरावर ती थांबली. धाप लागल्यामुळे बोलता येत नव्हतं.

“आला?” तिने विचारलं.

मी म्हणालो, “नाही. सहज आलो. तुम्हाला पाहायला.”

ती हसली. खरंच हसली, पण आधी एक क्षण तिच्या चेहऱ्यावरून सगळं उतरून गेलेलं मी पाहिलं. “बरं झालं आलात,” म्हणाली. “मोठे बाबा आले,” असं तिने मागे वळून बापाला ओरडून सांगितलं.

त्यांनी मला चहा दिला, भाकरी दिली. संध्याकाळी जपमाळ झाली. मला पुढे बसवलं, मास्तर म्हणून. मी जपमाळ घेतली. ओठ आपोआप चालतात, एकतीस वर्षांची सवय. तिने माळेचं एक दशक, म्हणजे दहा मण्यांची प्रार्थना, माझ्या गुडघ्यांसाठी अर्पण केलं.

शेवटची रिक्षा पकडायला ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. दोघंच होतो. सूर्य बुडत आला होता. मी म्हणालो, “पोरी, तो शुक्रवार...”

“कोणता?” तिने विचारलं.

तिच्या चेहऱ्यावर कसलाही संशय नव्हता. मी म्हणालो, “गुड फ्रायडे. येणार का घरी?” ती म्हणाली, मुकादम सोडणार नाही, पण इथेच उपास धरू. रिक्षा आली. तिने मला हात देऊन बसवलं आणि रिक्षावाल्याला म्हणाली की हळू ने, आमचे मोठे बाबा आहेत.

यंदाही ती गेली आहे. भावाला आता धाप लागते, दुसरा जोडीदार शोधावा लागेल असं मुकादम म्हणतो. नोकरीची वयोमर्यादा अजून काही वर्षं आहे. मला तेवढी नसावीत. नवे फादर पानाची आठवण करून देतात, मी खोकतो.

बसमध्ये घोकलेलं, रस्त्यावर ओठांपर्यंत आलेलं आणि तिथून मागे गेलेलं ते एवढंच होतं. मोठं नाही. दहा-बारा श्वासांत म्हणून होतं:

पोरी, मेसेज नवव्या दिवशी आला नाही. शुक्रवारी दुपारी आला, सातव्या दिवशी. मी वाचला होता. तू शुक्रवारी विचारलंस, मी नाही म्हणालो. शनिवारी पाच वाजता विचारलंस, तेव्हाही नाही म्हणालो, आणि तेव्हा अजून वेळ होता. रेंजचा दोष नव्हता. बटणं बारीक नव्हती, मी जाणून पुसला. तुझ्या बापासमोर, सगळ्या देवळासमोर मला मोठं व्हायचं होतं. देवाने तुला उशीर केला नाही. उशीर मी केला. तू त्याच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागाव. मला माफ कर.